तुमचे प्रश्न : गेम बघून भारी म्हणतात, मग खेळत का नाहीत?

प्रश्न : दादा, मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघांनी मिळून मोबाईल गेम बनवलाय, सिद्धेश्वर यात्रेवरचा, नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली उंच काठी, तोल सांभाळत पुढं न्यायचा. ग्राफिक्स सगळ्यांना आवडतात पण हातात दिला की गेममधला माणूस दोन-तीनदा पडतो आणि ते फोन परत देतात. सुरुवातीला सात स्क्रीन माहिती दिलीय, ती कुणी वाचतच नाही. अजून सोपी करून लिहू का? आणि मराठीत ठेवू की इंग्लिशमध्ये?

उत्तर : अरे, ते सात स्क्रीन काढूनच टाक. यात्रेच्या आधी सराव चालतो ना, नवीन पोराला तिथं कागद देतात का वाचायला? काठी हातात देतात, बाजूला चार जण उभे राहतात, डुलली की धरतात. तुझ्या गेमचा पहिला मिनिट तसा पाहिजे. वारा नाही, गर्दी नाही, दहा पावलं सरळ, मग हळूच एक झुळूक. आणि पडला तर मेनूला पाठवू नको, सेकंदाभरात तिथंच परत उभा कर, म्हणजे पडण्यातूनच तो शिकतो. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये हेच केलंय, मारिओ डावीकडं उभा, उजवीकडं मोकळी जागा म्हणून माणूस आपोआप उजवीकडं जातो, पहिला शत्रू अंगावर येतो, धडकला की संपलं, पुढच्या वेळी उडी मारतो. स्क्रीनवर सूचनेची एक ओळ नाही.

आता खरं काम सांगतो. नवी पेठेत, कॉलेजच्या कँटीनमध्ये, कुठंही, ज्यांनी गेम बघितलेला नाही असे पाच जण शोध, फोन हातात दे आणि तोंड बंद ठेवून मागं बस. ‘इथं दाब’ म्हणायचं नाही, कितीही जीव तुटला तरी नाही! मी पहिल्यांदा असा बसलो तेव्हा पोरगं माझ्या बटणाला चित्र समजून दुसरीकडंच दाबत होतं आणि मला ते सहा महिन्यांत दिसलं नव्हतं. कुठं थांबले, कुठं दोनदा दाबलं, एवढंच लिहून घे. वेबसाईट वापरायला सोपी कशी करायची याचा तज्ज्ञ जेकब नीलसन, त्यानं २००० सालीच लिहिलंय की पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात. ते वेबसाईटबद्दल होतं पण गेमलाही लागू पडतं. दुरुस्त करून पुन्हा नवीन पाच.

तुझ्या गेममध्ये अंगठा कुठं येतो ते जरूर बघ. ध्वज उंच, धरणारा खाली, आणि अंगठाही खालीच, म्हणजे पाय झाकले जातात आणि तोल गेलेला कळतच नाही, मला तरी पडण्याचं कारण हेच वाटतंय. माणूस थोडा वर घे. बटणं गूगल सांगतं तशी निदान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. तोल जातोय हे नुसत्या हिरव्या-लाल रंगानं दाखवू नको, काही जणांना तो फरक दिसत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर कुणालाच दिसणार नाही, फोन थरथरू दे, घुंगराचा आवाज बदलू दे.

भाषेचं म्हणशील तर मराठीच ठेव, पण आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारेही तेवढेच हौसेनं खेळतील. म्हणून शब्द चित्रात कोरू नको, सगळे वेगळ्या फाईलमध्ये ठेव, मग अशोक चौकातला एखादा तेलुगू बोलणारा मित्र एका संध्याकाळी तेलुगू करून देईल.