हँडल लॉक केलं होतं, तरी गाडी गेली

प्रश्न : काका, माझी मोटरसायकल इमारतीखालून रात्रीत गेली. हँडल लॉक केलेलं, दोन्ही किल्ल्या घरात, कुणाला काही ऐकू आलं नाही. मग चोराने ती सुरू तरी कशी केली? आता नवी घेतोय, तिला कुठलं कुलूप लावू?

उत्तर : सुरू केलीच नसणार. आपण किल्ली फिरवून, किक मारून निघतो, म्हणून चोरही तसाच निघत असेल असं आपल्याला वाटतं. चौतीस वर्षं गॅरेज चालवलं. चोरीला जाऊन परत मिळालेल्या गाड्या दुरुस्तीला यायच्या, त्यातल्या कितीतरींच्या किल्लीच्या भोकाला साधा ओरखडासुद्धा नसायचा. हँडल लॉक मात्र तुटलेलं.

एकदा असंच एक तुटलेलं लॉक मी टेबलावर उघडून पोरांना दाखवलं होतं. आत असते करंगळीपेक्षा बारीक एक दांडी. किल्ली फिरवली की ती पुढे सरकून खाचेत बसते. दांडी पोलादी, पण ती ज्या घरात बसते ते ओतीव धातूचं, ठिसूळ. आणि तिला तोडायला वर केवढं लांब हँडल आयतंच दिलेलं! चाकाला पाय लावायचा, हँडलचं टोक धरून हिसका द्यायचा. ‘कट्’ असा एकदाच आवाज होतो. कुत्रंही मान वर करत नाही.

माझी स्वतःची गाडी अशीच गेली. ऑइल सील गळत होतं. लोकांची सीलं रोज बदलणाऱ्या माणसाला स्वतःचं बदलायला सवड नव्हती, त्याची शरम वाटायला हवी, पण त्या सीलनेच मला चोरी समजावून सांगितली. सकाळी पाहिलं तर साइड स्टँडचा फरशीवर अर्धगोल ओरखडा, आणि तिथून हातहात अंतरावर ऑइलचे थेंब. म्हणजे गाडी सावकाश ढकलत नेली. फाटकाबाहेर एकाच जागी चार-पाच थेंब, छोटंसं डबकं. पुढे रस्ता कोरडा. तिथे ती टेम्पोत चढली. साधी मोटरसायकल सव्वाशे किलोच्या आसपास भरते. तीन माणसांना ते काही ओझं नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच, कुलूप गाडीला लावू नका, जमिनीला लावा. हँडल लॉक काय, ब्रेकच्या चकतीला लावतात ते डिस्क लॉक काय, गाडीचा एक भाग गाडीच्याच दुसऱ्या भागाला अडकवतात. चाक फिरत नाही, पण गाडी उचलता येते. साखळी गाडीतून जाऊन खांबात, नाहीतर काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या कडीत अडकली पाहिजे. खांब निवडताना तो हलवून बघा आणि वर मान करून बघा. पाटी लावलेले कितीतरी खांब वरून मोकळे असतात, साखळी वर सरकवली की झालं.

साखळी कडक केलेल्या पोलादाची हवी आणि कडीची जाडी १६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त हवी. त्याहून बारीक असेल तर लांब दांड्याचा बोल्ट कटर ती चावून टाकतो. ती पुढच्या चाकातून घालू नका. एक नट सोडला की चाक तुमच्याकडे राहतं आणि बाकी गाडी जाते. मागच्या चाकातून घाला, आणि मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला (स्विंगआर्मला) किंवा चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेढा पडेल अशी घाला. आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळे चुकवतात, साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमीन म्हणजे चोराची ऐरण. खाली टेकलेल्या कडीवर घण नीट बसतो, कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. साखळी अधांतरी, ताठ असली की हे दोन्ही जमत नाही. कुलपाचं भोक खालच्या बाजूला ठेवा, पाणीही जात नाही.

बाजारात ‘न तुटणारं’ असं लिहिलेलं काहीही मिळतं. त्यापेक्षा चाचणीचा शिक्का बघा. ब्रिटनमध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था कुलपं प्रत्यक्ष फोडून बघते आणि दर्जा देते. नेदरलँड्समधली ‘एआरटी’ तारे देते, मोटरसायकलसाठी चार ताऱ्यांचं कुलूप घ्यावं. दिखाऊ जाडीवर जाऊ नका. २००४ साली नळीसारख्या गोल किल्लीची नावाजलेली, महाग कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघड झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती.

फिरत्या चकतीने धातू कापणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र साधी साखळी काही मिनिटांचीच. अलीकडे चकतीच झिजवून टाकणारा थर दिलेली कुलपं निघाली आहेत, त्यांना बराच जास्त वेळ लागतो. पण ग्राइंडर ओरडतो आणि ठिणग्या उडवतो. तेव्हा गाडी अशा जागी लावा की ते कुणाला तरी ऐकू येईल, दिसेल. कोपऱ्यातली अंधारी ‘सुरक्षित’ जागा चोरालाही तितकीच सोयीची.

प्रश्न : काका, मी कॉलेजला स्कूटरने जाते. मैत्रीण म्हणते सीटखाली वस्तू शोधायचा तो छोटा ब्लूटूथ टॅग टाक, बाकी काही करायला नको. चालेल का?

उत्तर : टाक, पण ‘बाकी काही करायला नको’ हे खोडून टाक. तो टॅग स्वतः कुठलाही उपग्रह बघत नाही. जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनमार्फत तो आपला पत्ता कळवतो. वर्दळीत चांगलं चालतं, तळघरात किंवा बंद पत्र्याच्या गाडीत गप्प बसतो. शिवाय कुणी चोरून पाठलाग करू नये म्हणून या टॅगना एक सोय दिलेली आहे. अनोळखी टॅग बराच वेळ आपल्याबरोबर फिरतोय असं दिसलं की फोन त्या माणसाला सावध करतो. ही सोय तुझ्यासारख्या मुलींच्या रक्षणासाठी आहे, आणि फुकटात चोराच्याही उपयोगी पडते. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर असं सांगत बसत नाही, पण तो गाडीच्या बॅटरीवर जगतो. सुट्टीत महिनाभर स्कूटर उभी ठेवलीस तर बॅटरी बसलेली सापडेल.

आणि हे दोन्ही गाडी गेल्यावरचे उपाय. नकाशावर ठिपका दिसला तर तो पोलिसांना दाखव. भावाला घेऊन ‘आपणच बघून येऊ’ म्हणून जायचं नाही. तिथे कोण भेटेल हे नकाशा सांगत नाही.

एक बिनखर्चाची युक्ती सांगतो. सीटखाली किंवा बॅटरीजवळ मुख्य फ्यूज असतो. दोन-चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर तो काढून पर्समध्ये टाक. वायर जोडून सुरू करू बघणारा भुरटा डोकं खाजवत बसेल. उचलून नेणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून साखळी हवीच. आणि जादाची किल्ली सीटखालच्या डिकीत ठेवली असशील तर आजच काढ. हसू नकोस, गॅरेजात मला ती तिथे किती वेळा सापडली याची मोजदाद नाही.

प्रश्न : नव्या गाडीच्या किल्लीत चिप आहे. विक्रेता म्हणाला, ही चोरीला जाऊच शकत नाही.

उत्तर : किल्लीतला संकेत ओळखला नाही तर इंजिन पेटत नाही, एवढंच ती चिप करते, आणि ते काम चांगलं करते. किल्लीच्या स्विचखालचा वायरींचा जोड (कपलर) सोडून दोन वायरी जोडायची जुनी कला तिने बरीचशी मोडीत काढली. पण चाकांना चिप कळत नाही. आणि चोराला गाडी चालवायची आहे हे कुणी सांगितलं? सुटे भाग करून विकायचे असतील तर इंजिन पेटायची गरजच नसते.

प्रश्न : माझे यजमान हेल्मेट रोज आरशाला लटकवून जातात. हेल्मेट जाईल असं मी म्हणते, ते ऐकत नाहीत.

उत्तर : ताई, हेल्मेटबरोबर गाडीही जाईल असं सांगून बघा. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट नसलेल्याला जागेवर दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवायचा. पण त्या वर्षी दीड लाखाच्या आसपास असलेल्या मोटरसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत जवळजवळ एक तृतीयांशावर आल्या. अभ्यासकांनी कारण काढलं ते फार साधं होतं. कितीतरी चोऱ्या ठरवून होत नाहीत. जाता जाता गाडी दिसते, मोह होतो. अशा माणसाच्या हातात हेल्मेट नसतं, आणि उघड्या डोक्याने निघाला की लगेच नजरेत येतो. तुमचे यजमान त्या माणसाची अडचण आपल्या हाताने सोडवून ठेवतात.

प्रश्न : डिस्क लॉक विसरून गाडी पुढे घेतली. पडलो, मडगार्ड फुटलं. आता ते वापरणंच सोडलंय.

उत्तर : माझ्याकडे अशी गाडी आली की कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती दाबणारा भाग, आधी बघायचो, कारण लॉक त्यालाच आदळतं; तुम्हीही तो तपासून घ्या. लॉकपासून हँडलपर्यंत जाणारी भडक रंगाची गुंडाळी-वायर मिळते, ती लावा. हाताला लागल्याशिवाय निघताच येत नाही. दुकानासमोर पाच मिनिटं थांबायला डिस्क लॉक उत्तम. रात्रीसाठी एकट्यावर विसंबू नका.

प्रश्न : गाडी गेलीच तर पहिल्या तासात काय करायचं?

उत्तर : पोलिसांत तक्रार, मग विमा कंपनीला फोन. तिथे गाडीचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर विचारतात आणि माणूस घामाघूम होतो, कारण नंबर गाडीवर आणि कागद डिकीत, गाडीबरोबर गेलेले. नव्या गाड्यांचा चॅसी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. तुम्ही लिहून घेतलेल्या नंबरात ‘ओ’ असेल तर तो शून्य आहे, आत्ताच दुरुस्त करा. त्या नंबरचा आणि गाडीवरच्या एखाद्या खास खुणेचा फोटो फोनमध्ये ठेवा. माझ्या गाडीच्या टाकीखाली मी एक उलटा त्रिकोण कोरला होता, रंग उडवून.

तक्रार झाली की आसपासच्या गल्ल्या, सार्वजनिक वाहनतळ पायी फिरून बघा. कधीकधी चोर गाडी लगेच घरी नेत नाहीत. दोन-चार दिवस जवळपास उभी करून ठेवतात, मागे कुणी येतंय का ते बघायला. दिसली तर हात लावू नका, लांबून पोलिसांना बोलवा.

प्रश्न : आमच्या इमारतीखाली कडी बसवू देत नाहीत, खांबही नाही. काय करू?

उत्तर : शेजाऱ्याशी बोला. दोन गाड्या जवळ उभ्या करून एकाच साखळीत, मागच्या चाकांतून अडकवा. अडीचशे किलोचं ते जोडलेलं प्रकरण फाटकातून सरळ ढकलताही येत नाही. वरून साधं, राखाडी, गाडीचं नाव न छापलेलं कव्हर टाका. कुठली गाडी आहे ते बघायला चोराला ते उचलावं लागेल. साखळीची एक किल्ली शेजाऱ्याकडे द्यायला मात्र विसरू नका. आमच्या गॅरेजशेजारच्या दोघांनी हा प्रयोग केला होता, त्यातल्या एकाची पहाटेची पाळी होती. पहिल्याच दिवशी साडेचारला त्याने दुसऱ्याचं दार असं काही वाजवलं की अख्खी इमारत चोर आला समजून खाली उतरली.