लेकीला लोकर कातायची, रंगवायची आहे. पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणितही होतं. घरी मेंढरं आहेत, लोकर मातीमोल भावानं जाते. तिला टकळीवर लोकरीचं सूत काढायला आणि ते झाडपाल्याच्या रंगांत रंगवायला शिकायचंय. पुढं त्यातच काम करीन म्हणते. यात पोट भरेल का?
– एक आई, माण तालुका, जि. सातारा

ताई, नुसतं सूत विकून पोट भरणार नाही. सराव झालेल्या हातालाही टकळीवर १०० ग्रॅम सुताला पाच-सहा तास सहज लागतात. धुणं, पिंजणं, रंगवणं त्याहून वेगळं. वजनावर विकलेल्या सुतातून रोजाचा हिशेब बसत नाही. मागणी असते ती लोकर पारखणाऱ्याला, आणि एकदा काढलेला रंग पुढच्या वेळीही हुबेहूब काढून देणाऱ्याला. लेकीनं शिकायचंय ते हे.

आपली दख्खनी लोकर खरखरीत, आखूड आणि बहुतेक काळी-करडी असते. घोंगडी, जेन (लोकरीचं जाड अंथरूण), सतरंजीला ती उत्तम; अंगालगतच्या शालीला टोचते. काळ्या लोकरीवर रंगही दिसत नाही, मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी) वाया जाते. तिचा काळा रंग तसाच वापरावा. रंगवायला पांढरी लोकर हवी. कळपात पुरेशी नसेल तर बिकानेरकडच्या चोकला किंवा मगरा जातीच्या मेंढ्यांची मागवावी.

कुठंही फी भरण्याआधी तिला तीन महिने एक किलो पांढऱ्या लोकरीवर काम करू द्या. साठ अंशांच्या पाण्यात सौम्य साबण घालून लोकर वीस मिनिटं नुसती बुडवून ठेवायची. चोळली किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकली की तिचा नमदा होतो, मग तंतू सुटत नाहीत. सूत काढताना पीळ ओढलेल्या तंतूंपुरताच राहिला पाहिजे. तो पेळूत (पिंजलेल्या लोकरीच्या वळकटीत) शिरला तर गाठी येतात, कमी पडला तर धागा तुटतो. दोन धागे एकत्र वळताना पीळ उलट्या दिशेनं द्यायचा, नाहीतर लड गुंडाळून बसते.

रंग धरावा म्हणून रंगाआधी तुरटी. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १२ ग्रॅम तुरटी आणि ६ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पूड), दोन्ही आधी गरम पाण्यात विरघळवून. तासाभरात हळूहळू ८५ अंशांपर्यंत न्यायचं, पाऊण तास तिथंच ठेवायचं आणि लोकर पाण्यातच गार होऊ द्यायची. घाईत तापवलं तर तुरटी सारखी बसत नाही, रंगाचे पट्टे पडतात. मंजिष्ठेची पूड ५० ग्रॅम, फडक्यात बांधून रात्रभर भिजवलेली. आच सत्तरच्या आसपास. उकळी फुटली की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. गडद छटेसाठी हिराकस (लोहाचा क्षार) वापरायचा तर १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या वर नको, लोकर ठिसूळ होते. हळदीच्या पिवळ्यावर भिस्त ठेवू नका, तो उन्हात विटतो.

तुमच्या भागात बोअरचं पाणी जड असेल. त्यातल्या चुन्यानं मंजिष्ठा खुलते, पण पाण्यात लोह असेल तर झेंडूचा पिवळा मळकट येतो. म्हणून वहीत प्रत्येक लडीचा नमुना चिकटवून पाणी कुठलं, वजनं किती, तापमान आणि वेळ किती, सगळं लिहायचं. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवायचा, म्हणजे रंग किती विटतो ते कळतं. वजनकाटा आणि थर्मामीटर हवेतच. मूठभर-चिमूटभर अंदाजानं काढलेला रंग पुन्हा मिळत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर भौतिक-रसायन-गणित घेतलेल्या मुलीला मी आधी रंगप्रक्रियेची पदवी सुचवेन. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तंतू व वस्त्रप्रक्रियेचा बी.टेक. आहे, इचलकरंजीच्या डीकेटीई महाविद्यालयात वस्त्र अभियांत्रिकी आहे. चित्रकलेत हात असेल तरच एनआयडी अहमदाबाद किंवा निफ्ट मुंबई या डिझाइन संस्थांतल्या वस्त्र डिझाइनचा विचार करा; तिथल्या प्रवेश परीक्षा वेगळ्या तयारीच्या असतात. हातमागाकडं ओढा असेल तर भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्थांची (सेलम, वाराणसी वगैरे) तीन वर्षांची पदविका बरी, खर्चही झेपण्यासारखा. पदवी नकोच असेल तर वर्ध्याच्या एमगिरीत (महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत) खादी-वस्त्र विभाग आहे, तिथं अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

यातून पुढं हातमाग संस्था, नैसर्गिक रंगांच्या कार्यशाळा, गालिचा-घोंगडीचे उद्योग, कपड्यांच्या ब्रँडची नमुना प्रयोगशाळा अशा जागा खुल्या होतात. स्वतःचा माल काढायचा तर पदवीनंतर दोन वर्षं कुणाच्या तरी सूत रंगवण्याच्या कारखान्यात काढून मगच.

पुढच्या कातरणीला पांढऱ्या मेंढरांची लोकर वेगळ्या पोत्यात भरायला सांगा. पोटाखालची, शेणमातीनं माखलेली त्यात मिसळू देऊ नका.