भावाचं दुःख अर्जात लिहू का?

'मावशी, मी केज तालुक्यात एका दैनिकाचा वार्ताहर आहे. तीन वर्षांपूर्वी मोठ्या भावानं आत्महत्या केली. त्याआधी वर्षभर त्याची झोप गेली होती, बोलणं तुटलं होतं. आम्ही देवर्षी केले, डॉक्टर केला नाही. आता मानसिक आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या फेलोशिपसाठी अर्ज भरतोय. "हा विषय तुम्हीच का?" या रकान्यात भावाचं लिहिलं. आईला कळलं, तिनं जेवणच सोडलं. धाकटीचं लग्न व्हायचंय, घर चव्हाट्यावर आणू नको म्हणते. काय करू?'
– एक वार्ताहर, बीड जिल्हा

लेकरा, अर्ज कर. तो परिच्छेद मात्र तूर्त काढ. फाडू नको, वहीत ठेव.

आई मागासलेली आहे असं मनात आणू नको. सोयरीक जुळवताना पाहुणे घराण्यात 'वेड' आहे का याची चौकशी करतात, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही. तुझा भाऊ उपचारांपर्यंत पोचलाच नाही, आणि हो-नाही म्हणायला तो आता नाही. मग विचारायचं आईलाच. ती नाही म्हणाली तर नाही.

फेलोशिप दुःखाला मिळत नाही, कामाला मिळते. अमेरिकेत अटलांटाच्या कार्टर सेंटरनं, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांच्या नावानं १९९६ पासून चालवलेली या विषयातली जुनी फेलोशिप बघ. पत्रकार आपल्याच गावी राहून वर्षभर एका विषयाचा पिच्छा पुरवतो. विद्यावेतन मिळतं, जाणत्यांचं मार्गदर्शन मिळतं. पण खरी मिळते ती सवड. सकाळी अपघात, दुपारी वाळूचे ट्रॅक्टर आणि संध्याकाळी नेत्याच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणाऱ्याला सवडीचं मोल मी काय सांगू! तू कुठलीही फेलोशिप धरलीस तरी पात्रतेत आपला देश आहे का, मराठीतलं काम चालतं का, हे आधी वाच.

विषय तुझ्या तालुक्यातच पडलाय. शेतकरी आत्महत्येनंतर पात्र-अपात्र ठरतं. नापिकी आणि कर्ज कागदावर दिसलं तर एक लाखाची मदत. मग घरचे दुसरं काही बोलतील कशाला? झोप उडालेली, दारू वाढलेली, माणूस गप्प झालेला, हे सगळं पंचनाम्याबाहेर राहतं आणि आपण 'कर्जाला कंटाळून' लिहून मोकळे होतो. माझ्या मते ही बातमी अजून नीट कुणी लिहिली नाही. आशाताईंना भेट, देवर्ष्यालाही भेट. त्याच्याकडे माणसं का जातात ते तुला आतून कळेल. तोच तुझ्या रकान्याचा जोर, भावाचं नाव न घेताही.

एक गोष्ट पत्रात नाही. भावाची बातमी तेव्हा कुणी पाठवली? तूच असशील, तर कात्रण काढून आत्महत्येच्या बातम्यांसाठीची प्रेस कौन्सिलची २०१९ची सूचनावली शेजारी ठेव. कसं केलं ते लिहू नये असं त्यात आहे. एकच कारण ठोकू नये, मदतीचा क्रमांक द्यावा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत आहे. जमेल तेव्हाच वाच, एकट्यानं नको. रात्री जड गेलं तर १४४१६ला, टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला फोन लाव. फुकट आहे, मराठीत बोलतात. बातमीच्या शेवटी छापायचा क्रमांक स्वतः लावण्यात कसला कमीपणा?

अर्जाचं नंतर बघू. आई जेवली का ते आधी कळव.

– मावशी