काम परत आलं म्हणजे मुलगी कच्ची, असं नव्हे

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत ७८ टक्के. प्रकल्पासाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणारं मोठं यंत्र) लोहाच्या कॅटॅलिस्टचे एक्स-रे शोषणाचे चार स्कॅन मिळाले. गेले दोन महिने ती अथिना नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच मर्ज, म्हणजे एकत्र, करत बसली आहे. गाइडनी काम तीनदा परत पाठवलं : स्कॅन नीट जुळलेले नाहीत, फिटच्या (डेटावर बसवलेल्या मॉडेलच्या) निकालात आकड्यांपुढे एरर, म्हणजे अनिश्चितता, लिहिलेली नाही. मला यात भवितव्य दिसत नाही. डेटा सायन्सच्या कोर्सला १,४०,००० रुपये भरायचं ठरवलं आहे. बरोबर ना?
– एक पालक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीचे गुण आहेत, गाइडचे शेरे आहेत, कोर्सची फी आहे. तिला स्वतःला काय करायचंय, याबद्दल एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याची. ७८ टक्क्यांत काळजीसारखं काहीच नाही. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली मुलगी प्रकल्प संपवायच्या घाईत असताना तिच्या पुढच्या वर्षाचा निर्णय तुम्ही परस्पर घेताय. घरात रोज ‘अजून तेच चाललंय का?’ ऐकावं लागत असेल, तर तिचं लक्ष कामात लागणार कसं? ती गप्प आहे म्हणजे तिला मान्य आहे, असं धरून चालू नका.

आता गाइडच्या शेऱ्यांकडे या. मोनोक्रोमेटरची, म्हणजे एक्स-रेमधून एकच ऊर्जा निवडणाऱ्या उपकरणाची, ऊर्जा स्कॅनगणिक किंचित सरकते. म्हणून नमुन्यामागे लोखंडाची पातळ फॉइल ठेवून तिचंही शोषण त्याच वेळी मोजतात. तिची कड, म्हणजे शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा, ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला धरतात आणि चारही स्कॅन या फॉइलवरून जुळवतात. नवखे विद्यार्थी नमुन्याच्याच कडा एकमेकींवर बसवतात. आलेख सुरेख दिसतो, पण लोहाची ऑक्सिडेशन अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले ते) बदलली असेल तर ते सांगणारा फरकच त्यात पुसला जातो. फॉइल जुळूनही नमुन्याची कड दर स्कॅनला खाली खाली सरकत असेल, तर किरणांमुळे नमुनाच बदलत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मर्ज करायचंच नाही. पहिला स्कॅन वापरायचा, किंवा नमुन्यावरची जागा बदलून पुन्हा मोजायचं. सगळं जुळलं, तर चार स्कॅन मिळून नॉइज निम्म्यावर येतो. मर्जचं बटण एका क्षणात दाबून होतं. दोन महिने लागतात ते कुठला स्कॅन घ्यायचा आणि कुठला टाकायचा, हे ठरवायला. तीनदा बारकाईने तपासून देणारा गाइड मिळाला, हे तिचं नशीब चांगलं आहे.

फुकटच्या सॉफ्टवेअरला बाजारात किंमत काय, हा गैरसमज मात्र आजच सोडा. अथिना, त्याच्या जोडीचं आर्टेमिस आणि पायथनवर चालणारं लार्च हे तिन्ही मोफत आहेत आणि देशोदेशीच्या सिंक्रोट्रॉनवर संशोधक तेच वापरतात. तुम्ही फी भरणार त्या कोर्समध्ये पायथन शिकवतील, तेही मोफतच आहे. पगार मिळतो तो कुठल्या आकड्यावर विसंबायचं हे कळण्याचा. समजा, फिटमध्ये लोह-ऑक्सिजन अंतर १.९८ अँगस्ट्रॉम आलं. त्यापुढे ± ०.०२ आहे की ± ०.१५, हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. फिटसाठी के (इलेक्ट्रॉनचा तरंगांक) ३ ते ११ आणि आर (अणूंमधलं अंतर) १ ते ३ एवढा पट्टा घेतला, तर स्वतंत्र बिंदू साधारण १० निघतात. तिथे ९ चलं (फिटने ठरवायच्या किमती) मोकळी सोडली, तर रेषा डेटावर अगदी चिकटून बसते आणि कळत काहीच नाही. म्हणून निकाल निर्यात करताना नुसतं आलेखाचं चित्र देऊ नये. फिटची लॉग फाइल पूर्ण जोडावी : चलांच्या किमती, त्यांचे एरर, आपसातले कोरिलेशन, आर-फॅक्टर (फिट डेटाशी किती जुळतो त्याचं माप), के आणि आर यांचे पट्टे. डेटा, फिट आणि रेसिड्युअल (त्या दोन्हींतला फरक) स्तंभांच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यावेत. किमती तेवढ्या एक्सेलमध्ये चिकटवल्या, की एरर मागे राहतात. गाइडचा दुसरा शेरा बहुधा त्यावरूनच आला असावा.

पीएच.डी.कडे वळायचं असेल, तर नेट, गेट, जेस्ट या परीक्षा आहेतच. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

कोर्सचे पैसे तूर्त भरू नका. तिने हेच चार स्कॅन लार्चमध्ये पायथनच्या स्क्रिप्टने जुळवावेत, मर्ज करावेत आणि फिटचे आकडे एररसकट सीएसव्ही फाइलमध्ये उतरवावेत. प्रत्येक स्कॅन किती सरकवला आणि कुठला का वगळला, हे स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावं. संशोधन संस्थेतल्या मुलाखतीला हे दाखवता येतं, बॅटरी किंवा केमिकल कंपनीतही. उद्या डेटा सायन्सकडे तिचा स्वतःचा ओढा निघाला, तर त्या अर्जालाही हेच काम जोडता येईल.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. सोबत गाइडचे तिन्ही शेरे आणि शेवटच्या फिटची लॉग फाइल पाठवली, तर पुढचं तिच्याशीच बोलता येईल.