विठ्ठलाला ‘साकडं’ घालतात म्हणजे नेमकं काय घालतात?

सोलापुरातल्या बाळे भागात राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय: “आषाढीनंतर पेपरात हमखास असतं, ‘बळीराजाला सुखी ठेव, मुख्यमंत्र्यांचे विठ्ठलाला साकडे’. माझी आजी म्हणते, साकडं म्हणजे संकट. मग विठ्ठलाला संकट घालतात का? निवडणूक आली की कार्यकर्ते नेत्यासाठी सिद्धेश्वराला साकडं घालतात आणि पाणी आलं नाही की लोक पालकमंत्र्यांना साकडं घालतात. देवाला आणि मंत्र्याला एकच शब्द कसा चालतो? आणि ‘देवावर हवाला’ यातला हवाला म्हणजे पैशांचाच का?”

आजीचं बरोबर आहे. साकडं म्हणजे संकटच, आणि नुसत्या अर्थाने नव्हे, रक्ताच्या नात्याने. संस्कृतातला ‘ट’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला की मराठीत येईपर्यंत त्याचा ‘ड’ होतो. वटाचा वड झाला, कटूचं कडू झालं, घटाचा घडा झाला, तसं संकटाचं सांकड, सांकडें. ‘सं’वरच्या अनुस्वाराचं काय झालं ते दात आणि पाच या शब्दांत दिसतं: दंत, दांत, दात, पंच, पांच, पाच. जुन्या पुस्तकांत ‘सांकडें’ असंच छापलेलं सापडेल. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मी मुद्रितशोधक म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे त्या नियमांना नावं ठेवणार नाही, हजारो टिंबं वाचली. पण या एका शब्दापुरतं वाईट वाटतं. टिंब गेलं आणि साकड्याचा संकटाशी असलेला धागा डोळ्यांना दिसेनासा झाला. आजीच्या कानाला तो अजून ऐकू येतो.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृतात ‘संकट’ या शब्दाचा पहिला अर्थ आपत्ती असा नाहीच. संकट म्हणजे अरुंद, चिंचोळं, दाटीवाटीचं. वाट संकट असू शकते, दार संकट असू शकतं. अशा जागी अडकलेल्याची जी अवस्था होते ती पुढे संकट ठरली. हिंदीतला ‘सँकरा’ अजून त्याच मूळ अर्थाला धरून आहे.

हे पाहायला शब्दकोश नको, शुक्रवार पेठेतल्या एखाद्या बोळात सकाळी दहाला उभं राहा. इकडून चादरींचे गठ्ठे लादलेला हातगाडा, तिकडून रिक्षा. गाडेवाला मागे जाऊ शकत नाही, चढ आहे. तो गाडा तिथेच टेकवतो, कपाळाचा घाम पुसतो आणि रिक्षावाल्याकडे नुसतं बघतो. बोलत काहीच नाही. आता अडचण कुणाची? गाडेवाल्याची होतीच, पण त्याने ती रिक्षावाल्याच्या पुढ्यात आणून ठेवली. तोंडाने कायबाय बोलत का होईना, रिक्षा मागे जाते. साकडं घातलं म्हणजे असं.

तर मग कोडं सुटतं ते ‘घालणे’ या क्रियापदापाशी. मराठीत आपण कोडं घालतो, शपथ घालतो, अट घालतो, भीड घालतो, गळ घालतो. या सगळ्यांत घालणारा एक आणि बांधला जाणारा दुसरा. कोडं मी घातलं, सोडवायचं तुम्ही. शपथ मी घातली, पाळायची तुम्ही. गळ तर सरळ मासे पकडायचा आकडाच. साकडं त्याच रांगेतलं. माझी अरुंद वाट तुमच्यासमोर मांडली, आता तुम्हाला बाजूने निघून जाता येणार नाही. म्हणजे मुली, तुझी शंका अगदी अस्थानी नाही. विठ्ठलाला आपण थोडंसं संकटात टाकतोच. भक्ताची लाज राखायची की नाही, असा तो पेच असतो. देवाला पेचात पकडायचा हक्क आपल्या संतांनी मनमुराद वापरलाय, भांडलेसुद्धा आहेत.

यावरूनच नवस आणि साकडं यांतला फरक ध्यानात येईल. नवस बोलतात आणि फेडतात. त्यात देणंघेणं आहे, एवढं झालं तर एवढे नारळ. साकडं कुणी फेडत नाही, कारण त्यात कबूल काहीच केलेलं नसतं. जवळ द्यायला काही नाही म्हणून तर साकडं. आमच्या शेजारच्या पद्मशाली काकू तेलुगूत ‘मोक्कू’ म्हणतात, वरच्या मजल्यावरच्या आजी कन्नडमध्ये ‘हरके’. दोन्ही म्हणजे नवस. साकड्याला काय म्हणता असं विचारलं तर दोघींनी दोन वाक्यं सांगितली, एक शब्द काही मिळेना. कन्नड आजींनी बदल्यात एक म्हण मात्र दिली: ‘संकट बंदाग वेंकटरमण’, म्हणजे संकट आलं की वेंकटरमण आठवतो. सोलापुरात हा असा नफा होतो, एक शब्द विचारायला जावं आणि तीन भाषांचं घेऊन यावं.

कोकणातलं गाऱ्हाणं साकड्याचं जवळचं भावंड. तिथे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा देवाला ‘महाराजा’ म्हणतात आणि जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ करतात. रयतेने राजापुढे उभं राहावं तसा सगळा थाट. आपलेही सिद्धेश्वर ‘महाराज’च आहेत, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे जयजयकार त्याच नावाने होतो. देवाशी बोलायची भाषा दरबारातून आली की दरबाराशी बोलायची भाषा देवळातून, याचा निकाल लावायच्या फंदात मी पडत नाही. पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ज्याच्या हातात सोडवणूक आहे त्याला साकडं. तो विटेवर उभा असो की खुर्चीवर बसलेला. ‘उजनीतून पाणी सोडा, पालकमंत्र्यांना साकडे’ हे मराठी चोख आहे. फरक एवढाच की विठ्ठलाला आपण ‘तू’ म्हणतो आणि निवेदनात पालकमंत्र्यांना ‘आपण’.

मला खटकतं ते दुसरंच. साकड्याला अगतिकता लागते. मुख्यमंत्र्यांनी पहाटेच्या शासकीय महापूजेत पावसासाठी साकडं घातलं तर शब्द शोभतो, पाऊस काही मंत्रालयातून सुटत नाही. २०२० साली पालख्या चालत न येता एसटीने पंढरपुरात आल्या, तेव्हा आजार हटू दे म्हणून घातलेलं साकडंही शोभलं. पण ज्या कामाला त्यांचीच एक सही पुरते त्या कामासाठी देवाला साकडं घातल्याची बातमी आली, तर उपसंपादकाने शब्द बदलावा. तिथे ‘प्रार्थना’ लिहावं. प्रार्थना कुणीही करावी.

आता नेत्यासाठी साकडं. इथे प्रत्ययांकडे लक्ष दे. ‘भाऊंना मंत्रिपदासाठी सिद्धेश्वराला साकडे’ असा मथळा एकदा माझ्या टेबलावर आला होता. साकडं भाऊंना घातलंय, सिद्धेश्वराला घातलंय की मंत्रिपदाने घातलंय? ‘ला’ ज्याला लागतो त्याने सोडवायचं, ‘साठी’ ज्याला लागतो त्याचं भलं व्हायचं. मी ‘भाऊंच्या मंत्रिपदासाठी’ असं करून दिलं. मनातल्या मनात म्हटलं, कार्यकर्त्यांनी अकरा नारळ कबूल केलेत, म्हणजे हा नवस आहे.

राज्य करणाऱ्यांसाठी देवाकडे मागायची रीत जुनीच आहे, पण तिच्यात भाऊंचं मंत्रिपद नसतं. पूजेनंतर गुरुजी म्हणतात तो श्लोक आठव: ‘स्वस्ति प्रजाभ्यः परिपालयन्तां न्याय्येन मार्गेण महीं महीशाः’. प्रजेचं कल्याण असो, राजांनी न्यायाच्या मार्गाने पृथ्वी सांभाळावी. सुरुवात प्रजेपासून आहे बघ. राजाला विजय, दीर्घायुष्य काही मागितलेलं नाही, त्याने नीट वागावं एवढंच मागितलंय. माझे एक ख्रिस्ती मित्र दर रविवारी चर्चमध्ये राष्ट्रपती, पंतप्रधान, अगदी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना करतात. त्याला ते ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि कारण दिलंय ते असं की आपल्याला शांतपणे, निवांत जगता यावं. आवडता राजा असेल तरच करा, अशी अट नाही. मी मित्रांना विचारलं, तुम्ही याला साकडं म्हणाल का? ते म्हणाले, “नाही हो, साकडं स्वतःचं असतं. दुसऱ्याचं घेऊन जातो ती मध्यस्थी.” मला हे इतकं पटलं की तीस वर्षं मथळे तपासूनही आपल्याला कसं सुचलं नाही, असं झालं. फारसीतून आलेला आपला ‘रदबदली’ हा शब्दही याच कामाचा, पण त्याला आता कचेरीचा वास लागलाय.

राहिला हवाला. हो, तोच तो. अरबी शब्द आहे, मूळ अर्थ एकाकडून दुसऱ्याकडे सरकवणं. मी तुझं देणं लागतो, मी तुला तिसऱ्याकडे पाठवतो, तो देतो, मी मोकळा. हवाली करणे, हवालात, हवालदार सगळे याच घरचे. शिवकाळात किल्ला ज्याच्या हवाली असे तो हवालदार. (‘शेतकरी हवालदिल’ मधला हवालदिल मात्र या घरचा नाही. उर्दूत तो हौलदिल आहे, आणि हौल म्हणजे धास्ती.) तेव्हा ‘देवावर हवाला ठेवला’ म्हणजे माझी चिंता मी त्याच्या खात्यावर फिरवली. त्यात एक हात झटकल्याचा भाव आहे, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’च्या वाटेने जाणारा.

आणि ज्या अर्थाने लोकांना हा वाक्प्रचार वापरायचा असतो, त्याला तुकोबांचे शब्द जास्त चपखल आहेत:

आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां ॥
मग तो कृपासिंधु निवारी सांकडें । येर तें बापुडें काय रंक ॥

तुझा ‘साकडं’ हा शब्द इथे अनुस्वारासकट बसलाय आणि ‘घालणे’ही आहे, फक्त ते भाराशी जोडलंय. ‘सादर’ या शब्दावर थांब. स + आदर. आज आपण अहवाल सादर करतो, नाच सादर करतो, पण इथे सादर म्हणजे जे वाट्याला आलंय त्याला तोंड द्यायला सामोरं उभं राहणं. भार देवावर आहे आणि माणूस तरीही उभा आहे. हवाल्यात माणूस निघून गेलेला असतो. ‘येर तें बापुडें काय रंक’ म्हणजे बाकीचे बिचारे काय करणार, ते तर रंक. ‘येर’मध्ये कोण कोण येतं ते तुकोबांनी सांगितलेलं नाही. पालकमंत्र्यांना निवेदन देऊन परत येताना ही ओळ मला हटकून आठवते.

शेवटचं, तू विचारलं नाहीस तरी. गणपतीच्या आरतीत ‘संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे’ आहे. निर्वाणी म्हणजे अगदी अखेरच्या क्षणी, ‘निर्वाणीचा इशारा’ मधलं निर्वाणी. पण निम्मं सोलापूर ‘संकष्टी पावावे’ म्हणतं, म्हणजे देवाने चतुर्थीलाच यायचं. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना मी तीन वर्षं सांगत होतो. यंदा त्यांनी आरत्यांची पुस्तिका छापायला काढली आणि प्रूफ माझ्याकडे पाठवलं. त्यात ‘संकष्टी’च होतं. मी लाल शाईने काट मारून समासात ठळक अक्षरांत दुरुस्ती लिहिली. पाचशे प्रती छापून आल्या, ‘सकंटी पावावे’.