बालेवाडीत पोरीला पोहायला घालू का?

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची, २५ मीटरच्या टँकमध्ये छान पोहते, पण तिथं सगळे म्हणतात पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात न्या. एवढं मोठं संकुल, तिथं आमच्यासारख्यांच्या पोरांना खरंच फायदा आहे का?

उत्तर: ताई, नक्की न्या. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथंच झाल्या, शूटिंग रेंज, टेनिस कोर्ट, बॅडमिंटन हॉल, सिंथेटिक ट्रॅक, सगळं एकाच आवारात. पण तुमच्या लेकीसाठी महत्त्वाचा तो ५० मीटरचा पूल. १०० मीटर पोहताना छोट्या टँकमध्ये तीनदा टर्न मिळतो, दर वेळी भिंतीला पाय मारून पुढं सरकायला होतं, इथं टर्न एकदाच, बाकी सगळं हातापायांनीच ओढायचं, म्हणून सुरुवातीला तिचं टायमिंग घसरेल, तेव्हा रागवू नका हो, ते होतंच. रोज नाही जमलं तरी स्पर्धेआधी लाँग कोर्सची, म्हणजे ५० मीटरच्या पूलची, सवय हवीच. बॅचच्या वेळा आणि फी आधी ऑफिसात जाऊन विचारा, आणि कोच कोण आहे ते पूलपेक्षा जास्त नीट बघा.