मायक्रोवेव्ह घ्या, पण आधी अर्थिंग बघून घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गुहागरजवळ गावात घर, माणसं पाच. सासरे संध्याकाळी सातला जेवतात, मुलगी क्लासहून आठला येते, नवरा चिपळूणहून साडेनवाला. एकच कालवण तीनदा गरम होतं आणि साडेसहापासून दहापर्यंत तुम्ही ओट्यापासून हलत नाही. सात-आठ हजारांचा मायक्रोवेव्ह घ्यावा असं मनात आहे, पण बोटीवर नोकरी केलेले सासरे म्हणतात 'किरणांचं अन्न नको', लाइट सारखी जाते, आणि शेजारणीने हौसेने आणलेला मायक्रोवेव्ह माळ्यावर पडून आहे.

मी वेंगुर्ल्याकडची. आमच्या घरात सोळा वर्षं मायक्रोवेव्ह आहे, आत्ताचा तिसरा. तुमच्या घराचं वर्णन वाचून मी म्हणेन, घ्या. मात्र स्वयंपाक करायला म्हणून घेऊ नका. शेजारणीचा माळ्यावर का गेला ते मला ठाऊक नाही, पण माझ्या ओळखीत ज्यांचे पडून आहेत त्या बहुतेकांनी तो केक, भाज्या, बिर्याणी करायला घेतला होता. महिनाभर पुस्तिका बघून केलं आणि मग गॅसच बरा वाटला.

घरात जेवणाच्या पंगती किती होतात, एवढं मी विचारते. सगळी माणसं एका वेळी पानावर बसत असतील तर या यंत्राचं काम नाही. भात-आमटी चुलीवरून थेट ताटात येते. तुमच्याकडे तीन पंगती आहेत. शिवाय प्रत्येक पंगतीला एक-दोनच माणसं, म्हणजे वाटीभर आमटीसाठी अख्खं पातेलं तापतं, नारळाचा रस पुन्हा पुन्हा उकळून फुटतो आणि साडेनवाच्या माणसाला सगळ्यात वाईट कालवण मिळतं. तिथे वाटीभर काढून दीड मिनिट फिरवणं हाच फायदा, आणि तो रोजचा आहे.

आमच्याकडे कारण वेगळं होतं. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या आणि दुपारी त्या एकट्या असताना दोनदा गॅसवर पेज तशीच राहिली. दुसऱ्या वेळी मी बाजारातून आले तेव्हा पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि त्या पडवीत झोपलेल्या. त्याच आठवड्यात आम्ही मायक्रोवेव्ह आणला. "जाळ दिसणा नाय, मगे तापता कशान?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पण बटण फिरवलं की वेळ झाल्यावर ते आपोआप बंद होतं, हे त्यांना दोन दिवसांत पटलं. घरात वयस्क माणूस दिवसा एकटं राहत असेल, तर मला दुसरं कारण लागतच नाही.

सासऱ्यांच्या शंकेला नुसतं हसून सोडू नका, कारण तिच्यामागे त्यांचा अनुभव असणार. बोटीवर रडारच्या फिरत्या पात्यासमोर उभं राहू नका असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. रडारमध्ये लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन असतो आणि मायक्रोवेव्हमध्येही मॅग्नेट्रॉनच असतो. रडारचे मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट १९४५ मध्ये त्या यंत्राजवळ वितळलं, तिथूनच ही भट्टी आली. १९४७ ला बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच होती. फरक इतकाच की रडार लहरी बाहेर सोडतं आणि इथे त्या पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या असतात. दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी दिसते ना? या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर आणि जाळीचं भोक एक-दोन मिलिमीटरचं. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यातून पाणी निघून जातं, सुरमई अडकते, तसा उजेड बाहेर येतो आणि लहर आत राहते. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद होतो, मागे काही उरत नाही. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि अन्न तापतं. एक्स-रेसारखी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद त्यांच्यात नाही. जपायचं ते दार. ते वाकलं, नीट बसेनासं झालं किंवा जाळीला गंजाने भोक पडलं, तर मात्र ते यंत्र वापरू नये. हे सासऱ्यांना असंच सांगा, रडार बघितलेल्या माणसाला पटेल.

आता किनाऱ्यावरच्या घराला खरं सतावणारी गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. वीज.

२० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह अन्नाला ७००-८०० वॉट देतो, पण भिंतीतून ११००-१२०० वॉट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो, मिक्सरच्या सॉकेटमधून वायर ओढून चालत नाही. घरगुती इन्व्हर्टर तो सहसा ओढत नाही, म्हणजे लाइट गेली की यंत्र बंद. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. गॅस आणि मागच्या पडवीतली चूल मोडीत काढू नका.

अर्थिंग, म्हणजे यंत्रातून गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, याहून महत्त्वाचं. आपल्याकडे घराखाली जांभा. पावसात तो भिजलेला असतो तोवर ठीक, पण एप्रिल-मेमध्ये कातळ ठणठणीत सुकतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. आमच्या पहिल्या यंत्राच्या बॉडीला मे महिन्यात झिणझिण्या येऊ लागल्या. वायरमनने खड्डा पुन्हा खोदून मीठ-कोळसा भरला, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतायचं हे आमच्या घरचं कामच झालं. यंत्र आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या आणि बोर्डावर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. पैसे कमी पडत असतील तर यंत्र दिवाळीपर्यंत थांबू दे, हे काम आधी करा.

व्होल्टेज तपासायला एक सोपी युक्ती आहे. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्या, तापमान बघा, पूर्ण ताकदीवर नेमकं एक मिनिट ठेवा, ढवळून पुन्हा बघा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा. जवळपास तितके वॉट पाण्याला मिळाले. आमच्याकडे दुपारी १० अंश वाढले, म्हणजे ७०० वॉट. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला, गावभर पंखे आणि पंप चालू असताना, ७ अंश, म्हणजे ४९० वॉट. यंत्र बिघडलेलं नव्हतं, लाइट कमी होती. त्यामुळे पुस्तिकेतले मिनिटांचे आकडे तुमच्या गावाला लागू पडतीलच असं नाही. बिलाची चिंता मात्र करू नका: रोज एकूण वीस मिनिटं चालवला तर महिन्याला १२ युनिटच्या आसपास.

खारा वारा हा दुसरा शत्रू. आमचा पहिला मायक्रोवेव्ह समुद्राकडच्या खिडकीखाली होता. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या रंगाला फोड आले आणि कोपऱ्यात गंज धरला. खिडकीपासून लांब, भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा. वापरून झाल्यावर आतली वाफ कोरड्या फडक्याने पुसा आणि दार पाच मिनिटं उघडं ठेवा. आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा असतो. त्यावर माशाच्या कालवणाचं तेल उडून जळलं की तिथे ठिणग्या उडतात. माणसं घाबरून यंत्र टाकून देतात. खरं तर तो तुकडा स्वस्तात मिळतो, कात्रीने कापून बसवता येतो. पत्र्याचं मागचं झाकण मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

मुंग्या आणि पाली बटणांच्या पट्टीच्या ऊबेला येतात. म्हणून मी आता टच पॅनेल घेत नाही. दोन गोल बटणांचा साधा, फक्त मायक्रोवेव्हचंच काम करणारा, 'सोलो' म्हणतात तो घेते. लाइट झपकन गेली-आली तरी त्याचं घड्याळ पुन्हा लावत बसावं लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला तो कळतो. ग्रिल (भाजणं) आणि कन्व्हेक्शन (केक वगैरे बेक करणं) यांचे जास्तीचे पैसे तुमच्या कामाला येणार नाहीत.

आता आपलं जेवण त्यात कसं वागतं. भात उत्तम: वर पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा. नारळाच्या रसाचं कालवण निम्म्या ताकदीवर, मध्ये एकदा ढवळून, म्हणजे फुटत नाही. कोलंबी जास्त वेळ ठेवली तर चामट होते, म्हणून रस आधी तापवायचा आणि ती शेवटी सोडायची. तळलेला मासा मऊ पडतो, त्याला तवाच. भाकरी अजिबात नको. घावणे झाकून वीस सेकंद चालतात. पातोळ्या हळदीच्या पानासकट ठेवल्या तर ताज्यासारख्या होतात. मोदकाचं मात्र जपा, वरची पारी कोमट लागते आणि आतलं गुळाचं सारण जीभ भाजतं; मुलीला फोडून द्या. सोलकढीला मायक्रोवेव्ह दाखवूच नका. अंडं आणि न चिरलेली फणसाची आठळी आतल्या वाफेने फुटते. पावसाळ्यात सादळलेला चिवडा, रवा, पोह्याचे पापड यांना तीस-चाळीस सेकंद दिले की जीव येतो. जुलैत मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग हाच वाटतो.

गोठवलेल्या माशाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असताना आपण फ्रीजरवरच असतो. मी सुरुवातीला सुरमईच्या तुकड्या पूर्ण ताकदीवर ठेवल्या. कडा शिजून पांढऱ्या झाल्या आणि मध्ये दगड. बर्फ या लहरी फारशा घेत नाही, पाणी भरपूर घेतं. म्हणून जिथे आधी वितळतं तिथेच सगळी उष्णता जाते. डीफ्रॉस्टवर ठेवून दर दीड मिनिटाने उलटा आणि अर्धवट सुटल्यावर बाहेर काढा. हातात तासभर असेल तर पिशवीत बांधून गार पाण्यात सोडलेली तुकडी केव्हाही चांगली.

भांड्यांचा खर्च कुणी धरत नाही. आपलं स्वयंपाकघर स्टील आणि ॲल्युमिनियमचं. ते आत चालत नाही, सोनेरी कडांच्या बश्याही नाहीत. आइस्क्रीमचे डबे वापरू नका. काचेची झाकणाची तीन भांडी घ्या, हजार-दीड हजार वेगळे ठेवा, आणि दुकानात जाताना पट्टी घेऊन जा: २० लिटरच्या यंत्रातली फिरती थाळी साधारण २४-२५ सेंटीमीटरची असते, तिच्यावर भांडं कडेला न घासता फिरलं पाहिजे.

ओट्यावरची जागा मोजून आणि वायरमन काय म्हणाला ते कळवा. सॉकेट कुठे घ्यायचा ते सांगेन. आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढायची सवय पहिल्या दिवसापासून मुलीलाही लावा.